सार्जंट लॉरिमरची आवडती गोष्ट

तळ्यात आता पाणी असं उरलंच नव्हतं. मधोमध हिरवट डबकं आणि भोवती काळा, चिकट गाळ. रोज सकाळी त्यात दोन-चार मेंढ्या रुतलेल्या असायच्या. तहानेनं आत शिरायच्या, पोटापर्यंत बुडायच्या आणि मग धडपडायचंही सोडून द्यायच्या.

व्हर्न डनस्टन त्या सकाळी फळी टाकून आत उतरला, तेव्हा पुढच्या मेंढीचा एक डोळा कावळ्यांनी आधीच नेला होता. त्यानं तिच्या पुढच्या पायांखालून दोर घेतला, गाठ मारली आणि काठावर उभ्या असलेल्या बायकोला हाक दिली.

"डल्सी, ओढ!"

"ओढतेय की! तू ढकलतोयस कुठं?"

"ढकलतोय गं! गुडघाच सरकेना."

गाळानं मोठा घोट सोडावा तसा आवाज केला आणि मेंढी बाहेर आली. डल्सी मागच्या मागे बसली. मेंढी तिच्या पायांवर आडवी पडून राहिली. अंगावर लोकर होती म्हणून मेंढी म्हणायचं, आत नुसता सांगाडा. डल्सीनं तिच्या तोंडातला गाळ बोटानं काढला, बाटलीतलं पाणी पाजलं. मेंढीनं ते गिळलं नाही. ओठांच्या कडेनं वाहून गेलं.

व्हर्न फळीवरून रांगत बाहेर आला. मांड्यांपर्यंत काळा झाला होता. एकेकाळी, पोलिसात असताना, त्याच्या खाकी पँटची इस्त्री मोडली तर सार्जंट ओरडायचा, आणि ती इस्त्री डल्सी कोळशावर करायची.

"रूबेनकडं जा," डल्सी म्हणाली.

"जाईन."

"परवाही जाईन म्हणालास. पवनचक्कीवरच्या पंपाचं पाणी खारट झालं, तळं हे असं. आणखी कशाची वाट बघतोस?"

"उद्या कीथ आणि टबी यायचेत. ते गेले की जातो."

"मेंढ्यांना कीथ आणि टबी कोण ते ठाऊक नाही. तू जात नसशील तर मी जाते."

व्हर्न खाली वाकला. मेंढीची मान धरून तिला उभी करायला गेला, तर ती मेलेली होती.

*

रूबेन डॉडचं रान नदीच्या पलीकडं. त्याच्या माणसांना, इथल्या मूळ रहिवाशांना, जुन्या मुलखाचा एवढाच तुकडा परत मिळाला होता, पण त्यावर एक खोल बोअर होती. पाणी कढत यायचं, सडक्या अंड्यासारखा वास मारायचं, पण आटायचं नाही. रूबेननं उभी हयात दुसऱ्यांची गुरं हाकली होती. आता थोडी स्वतःची होती.

व्हर्न पोचला तेव्हा रूबेन टँकरच्या इंजिनात कमरेपर्यंत घुसलेला होता.

"रूबेन, आहेस का?"

"नसतो तर कुत्रं गप्प बसलं असतं का? ये."

व्हर्न टोपी काढून उभा राहिला. मग परत घातली.

"तळं गेलं माझं."

"कळलं. घारी फिरताना दिसल्या."

"पवनचक्कीचं पाणी खारट झालंय. मेंढ्या तोंड लावत नाहीत."

रूबेन बाहेर आला. फडक्याला हात पुसत राहिला. त्याचे केस पांढरेशुभ्र झाले होते, पण खांदे अजून दांडगे होते.

"तू मागायला आलास का सांगायला आलास?"

"मागायला."

"मग माग की."

"पाणी हवंय, रूबेन."

"घेऊन जा. माझं थोडंच आहे, जमिनीखालचं आहे." रूबेन हसला. "तुझी ती गाडीवरची टाकी गळते. पहिली खेप मीच टँकरनं आणतो उद्या."

"उद्या नको. पाहुणे आहेत घरी."

"मग मेंढ्यांना सांग, पाहुणे आहेत, परवा प्या."

व्हर्नलाही हसू आलं. रूबेनशी बोलताना ते नेहमीच यायचं. पोलिसातून निवृत्त होऊन व्हर्ननं इथं रान घेतल्यापासून दोघं शेजारी होते. कुंपण एकत्र नीट केलं होतं, वणवा एकत्र विझवला होता. एक गोष्ट सोडून सगळ्यावर बोलणं झालं होतं.

"कोण पाहुणे?" रूबेननं विचारलं.

"जुनी माणसं. नदीकाठच्या कॉलिन्स वेलच्या ठाण्यातली. टबी हॉस्किन्स. आणि... लॉरिमर."

रूबेनचे हात फडक्यात थांबले.

"मोठा सार्जंट."

"हं."

"म्हातारा झाला असेल."

"झालाय. कानाला यंत्र लावतो."

"सगळेच झालो." रूबेन पुन्हा इंजिनात वाकला. आतूनच म्हणाला, "दुपारी आणतो मी. जेवणानंतर."

पाहुणे गेल्यावर आण, असं ठासून सांगायला हवं होतं. व्हर्न फाटकापर्यंत तेच म्हणत गेला. पण गाडी वळवली नाही.

*

टबी हॉस्किन्सचं नाव टबी पडलं तेव्हा तो पिंपासारखा होता. आता आजारपणानं त्याची काडी झाली होती, नाव तेवढं राहिलं होतं. कीथ लॉरिमर मात्र तसाच उंच, ताठ. बायको गेल्यापासून समुद्राकाठच्या गावात एकटा राहायचा. तिथं म्हणे त्याच्या गोष्टी कोणी ऐकून घेत नाही. वर्षातून एकदा इकडं यायचा तो त्यासाठीच.

दोघं सकाळी लवकरच पोचले आणि तिघं रानात गेले. गवत संपल्यापासून मेंढ्यांचं पोट मल्गाच्या झाडांच्या पाल्यावर होतं. व्हर्ननं करवत चालवायची, फांदी पडली की मेंढ्या चहूकडून लडखडत यायच्या. टबीनं दोन फांद्या ओढल्या आणि धापा टाकत बसला. कीथ गाडीच्या मागच्या फळीवर बसून सांगत होता, "ती डावीकडची घे. ती नव्हे रे, ती! तुला शिपाई असतानाही डावं-उजवं कळायचं नाही."

"तुझ्या हाताला काय झालंय?" व्हर्न म्हणाला.

"मी सार्जंट आहे."

दुपारी ओसरीवर जेवायला बसले. थंड मटण, पाव, लोणचं, वर चहा. डल्सी आत-बाहेर करत होती. पुढं अंगण, त्यापुढं पाण्याची रिकामी टाकी, आणि मग क्षितिजापर्यंत लाल माती. वारा आला की ती उठायची आणि दातांखाली करकरायची.

टबीनं आपली गोष्ट काढली. एका दारुड्याला पकडून तो जिल्ह्याच्या तुरुंगात नेत होता. वाटेत गाडी बंद पडली. टबीला इंजिनातलं ओ की ठो कळेना.

"तर तो बेडी पुढं करून म्हणतो, साहेब, काढा, मी बघतो. मी म्हटलं, पळालास तर? तो म्हणाला, कुठं पळू? तुम्ही तरी सांगा, कुठं? चहूकडं बघितलं. खरंच की! काढली बेडी. त्यानं गाडी चालू केली, माझ्या डोक्याला ऊन लागलेलं बघून मला मागं निजवलं, आणि स्वतः चालवत स्वतःला तुरुंगात घेऊन गेला. दारावरच्या शिपायानं मलाच आत घेतलं!"

कीथ डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. मग त्यानं त्या सोनं शोधणाऱ्याची गोष्ट सांगितली, जो भर उन्हाळ्यात खड्ड्यात मेला होता. प्रेत आणताना गाडीचा आस मोडला, आणि मदत येईपर्यंत कीथ त्या प्रेताला सावलीत धरून बसला.

"कोल्हेकुत्री येत होती. मग मी त्याच्याशी बोलायला लागलो. मोठ्यानं. माझं लग्न, आईचं दुखणं, सगळं सांगितलं. तुम्हाला खोटं वाटेल, इतकं मी आयुष्यात कोणाशी बोललो नाही. बायकोशीसुद्धा नाही."

कोणी हसलं नाही. कीथला ते आवडलं नाही. त्यानं मांडीवर थाप मारली.

"आता आपली ती झाडाची गोष्ट. टबी, तू तेव्हा बदलून गेला होतास ना?"

"ती नको, कीथ," डल्सी म्हणाली. ती भांडी गोळा करत होती.

"का नको? सगळ्यात भारी तीच आहे!"

"दर वर्षी तीच सांगता."

"दर वर्षी हसता ना?" तो टबीकडं वळला. "तर ऐक. त्या साली वावटळीनं कोठडीचं छप्पर उडवून नेलं. तेवढ्यात हा घोडाचोर सापडला. नदीवरच्या काळ्यांपैकी, पोरसवदा. गुरांच्या रानाच्या मॅनेजरचा घोडा घेऊन आला होता. ठेवायचा कुठं? ठाण्यामागं ती जुनी निलगिरी. लांब साखळी आणली, एक टोक झाडाला, एक त्याच्या पायाला. आणि मी निघालो शर्यतींच्या बंदोबस्ताला. किल्ली माझ्या खिशात!"

अंगणात इंजिनाचा आवाज आला. कीथला तो ऐकू गेला नाही. रूबेनचा टँकर हळूहळू टाकीपाशी येऊन थांबला.

डल्सीनं व्हर्नकडं बघितलं. व्हर्ननं उठायला हवं होतं. पायऱ्या उतरून अंगणात जायला किती वेळ लागतो? त्यानं किटली उचलली आणि अजून भरलेल्या कपात चहा ओतला. चहा बशीत सांडला.

"तिकडं गाडी मोडली," कीथ सांगत होता, "चांगले दोन दिवस अडकलो. इकडं व्हर्न एकटा. आणि तो पठ्ठ्या सावलीच्या मागं मागं झाडाभोवती फिरतोय! सकाळी इकडं, दुपारी मागं, संध्याकाळी तिकडं. पोस्टमास्तर खिडकीतून बघून घड्याळ लावायचा! म्हणायचा, कैदी दारूच्या दुकानाकडं आला रे, बंद करा, पाच वाजले!"

टबी मोठ्यानं हसला. कीथ हसला. आणि मग दोघांना दिसलं की पायरीशी एक माणूस टोपी हातात धरून उभा आहे.

"कोण रे हा?" कीथनं विचारलं.

"शेजारी," व्हर्न म्हणाला. "पाणी आणलंय त्यानं."

"रूबेन डॉड, सार्जंट," रूबेन म्हणाला.

कीथ क्षणभर बघत राहिला. मग त्याचा चेहरा खरोखरच उजळला. "अरे! तूच तो! ये, ये, बस. डल्सी, याला कप दे. काय योगायोग! शंभर वर्षं आयुष्य आहे गड्या तुला. राग नाही ना? जुनी गोष्ट आहे. तूच सांग यांना, पोस्टमास्तर घड्याळ लावायचा का नाही?"

रूबेन खुर्चीवर बसला नाही. पायरीवर बसला.

"लावायचा," तो म्हणाला. "पण चुकायचं त्याचं घड्याळ."

टबी पुन्हा हसला.

"साखळी एका मुळीत अडकायची. दुपारची सावली पडायची तिथवर पोचायची नाही. एवढं राहायचं." त्यानं हातानं अंतर दाखवलं. "डोकं सावलीत घेतलं की पाय उन्हात. पाय आत ओढले की डोकं बाहेर. मग मी ठरवून टाकलं, थोडा वेळ पायांची पाळी, थोडा वेळ डोक्याची."

आता टबी हसला नाही.

"बाईंनी पाणी दिलं. ओला टॉवेल दिला डोक्यावर घ्यायला." रूबेननं डल्सीकडं मान हलवली. ती हातातल्या बश्यांकडं बघत होती.

"पण घोडा कशाला चोरलास?" कीथ म्हणाला. "मॅनेजरचा घोडा! दुसरा तरी घ्यायचास."

"चोरला नव्हता. परत नेऊन बांधणार होतो. बायकोचे दिवस भरले होते. ती इथं नदीवर, मी लांब कुंपणाच्या कामावर. मॅनेजर म्हणाला, कुंपण संपल्यावर जा."

"मग सांगायचं नाहीस का तसं?"

"सांगितलं होतं."

"कोणाला?"

रूबेननं व्हर्नकडं बघितलं नाही. टोपीची कड बोटांनी फिरवत राहिला. "सांगितलं होतं," तो पुन्हा म्हणाला.

"बरं, मग?" कीथ यंत्र लावलेला कान पुढं करून वाकला. त्याला खरंच ऐकायचं होतं. "काय झालं? मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

"वा! मोठी झाली असेल. कुठं असते आता?"

"इथंच," रूबेन म्हणाला. "नदीकाठाला. आमच्या जुन्या कॅम्पाच्या मागं. एक दिवस जगली म्हणे. मी सुटून गेलो तोवर बायकांनी माती लोटली होती."

 ओसरीखाली कोंबडी माती उकरत होती.

रूबेन उठला. डोक्यावर टोपी ठेवली. "व्हर्न, टाकीचं झाकण घट्ट बसलंय. पाना असेल तर दे."

व्हर्ननं पाना आणला. दोघांनी मिळून झाकण काढलं, पाईप आत सोडला. वासाचं, वाफाळतं पाणी टाकीच्या तळावर पडू लागलं. व्हर्न पाईप धरून उभा होता. धरायची गरज नव्हती. शेजारी रूबेन टाकीच्या पत्र्यावर तळहात ठेवून पाणी कुठवर आलं ते बघत होता. मेंढ्यांना वास लागला होता, त्या कुंपणाला येऊन भिडल्या होत्या.

टाकी भरत आली. व्हर्नला बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता.

"दिवसाआड येत जा," रूबेन पाईप गुंडाळत म्हणाला. "फाटक उघडंच असतं."

*

"मला काय माहीत?" कीथ म्हणाला. टँकर नदीपार गेला होता. "मला कोणी सांगितलं का? मी असतो तर सोडला नसता का, असं असताना?" मग तो व्हर्नकडं वळला. "तुला सांगितलं होतं त्यानं?"

"तेव्हा सगळेच काही ना काही सांगायचे," व्हर्न म्हणाला.

टबी उठून आत गेला.

टबीला घेऊन कीथ दुसऱ्या दिवशी सकाळीच निघाला. आठवडाभर राहायला आला होता. गाडीत बसला, काच खाली केली.

"त्याला सांग..." तो म्हणाला आणि थांबला.

"काय सांगू?"

कीथनं गाडी चालू केली. यंत्र काढून ठेवल्यामुळं त्याचा कान ओकाबोका दिसत होता.

"काही नाही. पाणी आणलं ते बरं केलं म्हणावं."

त्या संध्याकाळी डल्सी भांडी घासत होती आणि व्हर्न पुसत होता. खिडकीतून दिसत होतं, मेंढ्या हौदाला तोंड लावून उभ्या होत्या.

"लोखंड कापायची करवत मी तुझ्या हातात दिली होती," डल्सी म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"सरकारी साखळी होती."

"हो. तेव्हाही हेच म्हणालास."

"कापली असती तर कीथनं मला घरी पाठवलं असतं. मग खाल्लं काय असतं आपण?"

"तेही म्हणालास."

व्हर्ननं पुसलेली बशी पुन्हा पुसली. "तुला मुलीचं माहीत होतं?"

"नदीकडून बायकांचं रडणं येत होतं. सकाळभर. तू रेडिओपाशी बसला होतास. मी येऊन सांगितलं, कोणीतरी गेलंय तिकडं. तू म्हणालास, त्यांच्यात रोजच कोणी ना कोणी मरतं." डल्सीनं पाणी ओतून दिलं नाही, झाडांसाठी बादलीत काढून ठेवलं. "मीही मग काही बोलले नाही. पाणी नेऊन दिलं, टॉवेल दिला, आणि वाटलं, झालं आपलं."

*

व्हर्न दिवसाआड जाऊ लागला. गाडीवरच्या टाकीला त्यानं डांबर लावून घेतलं होतं. सांगितल्याप्रमाणं फाटक उघडं असायचं. बोअरपाशी पाईप जोडून ठेवलेला असायचा. पण पूर्वी गाडीचा आवाज ऐकून विस्तवावर चहाचं आधण ठेवणारा रूबेन आता दिसायचा नाही. कधी घराच्या दारातून रेडिओ ऐकू यायचा. कधी तोही नाही. कुत्रं एकदा मान उचलून बघायचं आणि पुन्हा निजायचं.

डल्सीनं एकदा केक करून डब्यात दिला. व्हर्ननं तो बोअरपाशीच्या पिंपावर ठेवला. पुढच्या खेपेला डबा तिथंच होता, रिकामा, घासून पुसून ठेवलेला.

वाटेत गाडी चालवताना व्हर्न बोलायचा. मोठ्यानं. कधी सुरुवातीपासून सांगायचा, कधी एकाच वाक्यात आटपायचा. माझं वय काय होतं तेव्हा, असंही एकदा सुरू केलं, आणि स्वतःलाच ते ऐकवेना. रूबेनचं वय त्याहून कमी होतं.

तळ्यातलं डबकंही आटलं. गाळाला भेगा पडल्या, भेगांत मेंढ्यांची हाडं उभी राहिली. निम्मा कळप गेला. उरलेला रूबेनच्या पाण्यावर तग धरून होता.

मग एका सकाळी रूबेन बोअरपाशीच भेटला. कुंपणाची तार ओढायची पक्कड शोधत होता. व्हर्ननं पाईप टाकीत सोडला, व्हॉल्व फिरवला, आणि तो सरळ त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"रूबेन."

"हं."

"त्या वेळी..." व्हर्न म्हणाला.  गाडीत शंभरदा जुळवलेलं एकही वाक्य येईना. "त्या वेळी तू मला..."

रूबेन त्याच्याकडं बघत होता. पहिल्यांदाच असं सरळ बघत होता. डोळ्यांत राग नव्हता. ऐकायची तयारी होती की नाही, तेही कळेना.

 व्हर्न बुटाच्या टोकानं माती उकरत राहिला, बराच वेळ.

"व्हर्न," रूबेन शेवटी म्हणाला, "पाणी सांडतंय."

व्हर्ननं मागं बघितलं. टाकी कधीच भरली होती. कढत पाणी काठावरून ओसंडून लाल मातीवर पडत होतं, त्याचा ओहोळ चाकाखालून वाहत निघाला होता. दुखऱ्या गुडघ्यानं व्हर्न धावला. व्हॉल्व दोन्ही हातांनी फिरवला. हात भाजले. पाणी थांबलं. चिखलात कुठून कुठून इवल्या चिमण्या येऊन उतरल्या आणि चोची बुडवायला लागल्या.

तो वळला तेव्हा रूबेन पक्कड घेऊन कुंपणाच्या कडेनं निघाला होता. बराच लांब गेला होता. ओरडलं असतं तर ऐकू गेलं असतं. पण ओरडून सांगायची ती गोष्ट नव्हती.

व्हर्ननं पाईप काढून ठेवला. रूबेननं एका खांबापाशी वाकून तार ताणली, गाठ मारली, आणि पुढच्या खांबाकडं गेला.

मेंढ्या वाट बघत असतील. व्हर्न गाडीत बसला आणि पाणी हिंदकळू नये म्हणून अगदी हळू, पहिल्या गिअरमध्ये, निघाला.